आडहंगामात दुब्रोवनिक : आई-बाबांना न्यावं का?

गवती चहा | १२ नोव्हेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

ताईच्या बाळंतपणासाठी आई-बाबा डिसेंबरात सांगलीहून स्टुटगार्टला येतायत, फेब्रुवारीअखेर परत जातील. जर्मन हिवाळ्यात घरात बसून बाबांचं पार मुरलेलं लोणचं होणार हे मला आत्ताच दिसतंय. जानेवारी संपता संपता मला आठवडाभर रजा आहे, तेव्हा दोघांना समुद्रकाठी कुठेतरी न्यायचा विचार आहे. बाबांनी शाळेत ३६ वर्षं इतिहास शिकवला, त्यामुळे नुसती वाळू दाखवून भागणार नाही, भिंती-बुरूज पाहिजेत. म्हणून क्रोएशियातलं दुब्रोवनिक डोक्यात आलं. राहायच्या जागांचे दर पाहिले तर जुलैच्या निम्म्याहूनही खाली. तेव्हापासून शंकेची पाल चुकचुकतेय, एवढं स्वस्त का म्हणून.

अडचणी सांगते. बाबांचं वय ७१, उजवा गुडघा रुसलेला. आई शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. दोघांचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) एकदाच प्रवेशाचा आलाय. आणि ऑफिसातला माझा क्रोएशियन सहकारी "जानेवारीत? कशाला?" असं म्हणून हसला.

कुणी हिवाळ्यात गेलंय का तिकडे?

ठोंब्या | १२ नोव्हेंबर, रात्री ९.५२

सहकारी हसला म्हणजे फुकटात सल्ला मिळाला. वाचलेल्या पैशांत बटाटेवडे करा. (कृपया हलके घ्या)

निळी छत्री | १२ नोव्हेंबर, रात्री ११.१५

आम्ही गेलोय. जानेवारीचा दुसरा आठवडा, चार रात्री. मी तरी 'नका जाऊ' असंच सांगेन आणि का ते सविस्तर सांगते, कारण तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं.

पोचलो संध्याकाळी पाचला. काळोख. युरोपच्या त्या पट्ट्यात हिवाळ्यात सूर्य सव्वाचार-साडेचारलाच घरी जातो, हे आम्ही हिशोबात धरलंच नव्हतं. जुन्या गावात शिरलो तर स्ट्राडुनवर (तिथला मुख्य रस्ता, तीनेकशे मीटर, पायांनी झिजून आरशासारखा झालेला चुनखडीचा दगड) आम्ही दोघं आणि नऊ मांजरं. मोजली, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. खानावळींच्या दारांवर कागद चिकटवलेले, 'मार्चमध्ये भेटू' छापाचे. कड्यावरचा तो प्रसिद्ध बार बंद. लोक्रुम बेटावर मोर बघायला जायचं होतं, तिकडची बोट हिवाळ्यात चालतच नाही. स्र्ज डोंगरावर जाणारा रोपवे देखभालीसाठी बंद.

आणि पाऊस! आपल्याला वाटतं, भूमध्य समुद्र म्हणजे ऊन. पण तिथला पावसाळा म्हणजेच हिवाळा. उन्हाळा कोरडा ठणठणीत, सगळं पाणी नोव्हेंबर-डिसेंबर-जानेवारीत. जुनी दगडी घरं, भिंतींना ओल, गरम करायला एक एसी आणि तो आमच्या डोक्यावरून पलीकडच्या भिंतीला गरम करायचा. पहिल्या दिवशी धुतलेले मोजे चौथ्या दिवशी ओलेच बॅगेत भरले.

निम्मे पैसे घेतात, कारण निम्मंच गाव देतात.

तिरकस काका | १३ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

छत्रीताई, आम्ही ऑगस्टात गेलो होतो. पिले वेशीतून आत शिरायला अर्धा तास. दादरच्या पुलावर सहा वाजता उभे राहा, वर ३४ अंश चढवा आणि सगळ्यांच्या हातात आइस्क्रीम द्या, झालं दुब्रोवनिक. क्रूझ बोटींची गर्दी इतकी वाढली की २०१९ पासून एका वेळी दोन बोटी आणि चार हजार प्रवासी अशी मर्यादा घालावी लागली. मर्यादा! चार हजार!! तटबंदीवर तर लोक ओळीने सरकत होते, १९४० मीटर मी समोरच्या गृहस्थाचं टक्कल बघत पूर्ण केले.

तुम्ही ज्याला ओसाड म्हणता त्याला आम्ही दर्शन म्हणतो.

निळी छत्री | १३ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

काका, दर्शनाला गाभाऱ्यात देव तरी लागतो. त्या तटाच्या आत आता माणसंच फार राहत नाहीत. १९९१ साली पाच हजारांच्या आसपास वस्ती होती, आता दीड हजारांच्याही खाली. बाकी सगळी घरं भाड्याच्या खोल्या. त्यामुळे हंगाम संपला की गाव 'शांत' वगैरे होत नाही, कुलूपबंद होतं. शांतता आणि कुलूप यांत फरक आहे.

ठोंब्या | १३ नोव्हेंबर, सकाळी ९.४१

छत्री उघडली, काका मिटले.

शब्दखोर | १३ नोव्हेंबर, सकाळी १०.२०

अवांतर: शीर्षकात 'ऑफ सीझन' न लिहिता 'आडहंगाम' लिहिलंय त्याबद्दल धागाकर्तीचं अभिनंदन. आडवार, आडवाट, आडगाव, आडहंगाम. मुख्य रस्त्यावरून थोडं बाजूला झालेलं, पण चुकलेलं नव्हे.

देवबागकर | १३ नोव्हेंबर, सकाळी १०.४५

आमच्याकडे जुलैत समुद्र बघायला येणाऱ्यासाठी त्याहून नेमका शब्द आहे : येडो.

थट्टा सोडा, पण पावसाळ्यात तारकर्लीला लोक येतात, बोटिंग बंद बघून वैतागतात आणि जाताना माझ्या आईच्या हातचं कुळथाचं पिठलं खाऊन सांगतात की हेच बेस्ट होतं. नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या आमचाही बंद असतो. त्या दिवसांत घरची माणसं घरात सापडतात, एवढाच काय तो फायदा. दुब्रोवनिकचं माहीत नाही, पण कुठल्याही किनाऱ्यावर हेच असणार.

दर्यावर्दी | १३ नोव्हेंबर, दुपारी ४.१०

३१ वर्षं बोटीवर काढली, इंजिन रूममध्ये. एका फेब्रुवारीत आमची बोट ग्रूझला नऊ दिवस अडकली होती. ग्रूझ हे दुब्रोवनिकचं कामाचं बंदर. जुन्या गावापुढचा धक्का आता छोट्या होड्यांपुरता आणि फोटोंपुरता. तेव्हा माझा अनुभव गावाचा कमी आणि वाऱ्याचा जास्त.

तिथे हिवाळ्यात दोन वारे आलटून पालटून राज्य करतात. एक जुगो. आग्नेयेकडून येतो, ओला, त्यातल्या त्यात उबदार, आकाश खाली आल्यासारखं वाटतं आणि लाटा तटाच्या पायथ्यावर आपटतात. माणसं चिडचिडी होतात, डोकं धरतं. दुसरा बुरा. हा ईशान्येकडून डोंगर उतरून कोसळतो, कोरडा आणि हाडं गोठवणारा, पण आकाश घासून पुसून ठेवल्यासारखं. आपल्या मतलई वाऱ्याचा हा थोरला, दांडगट भाऊ समजा. छत्रीताईंना जुगोचा आठवडा मिळालेला दिसतो. बुराच्या आठवड्यात गेल्या असत्या तर मोजे तासाभरात वाळले असते आणि बहुधा इटलीला पोचले असते.

जुन्या दुब्रोवनिक प्रजासत्ताकात म्हणे जुगो वाहत असताना महत्त्वाचे निर्णय घेत नसत, आणि त्या दिवसांत घडलेल्या गुन्ह्याला शिक्षाही सौम्य देत. मला हे ग्रूझच्या धक्क्यावर एका म्हाताऱ्या दोरखंडवाल्याने सांगितलं. घरी येऊन सौ.ला सांगितलं, सवलत मिळाली नाही.

आता कामाचं. गुडघा आहे ना? मग जुन्या गावाच्या आत खोली घेऊच नका. स्ट्राडुन सपाट, पण तिथून दोन्ही बाजूंना निघालेल्या गल्ल्या म्हणजे जिनेच. ग्रूझ किंवा लापादला राहा. तिथे खरी माणसं राहतात, त्यामुळे वाण्याची, बेकरीची, औषधांची दुकानं बाराही महिने उघडी. बस पिले वेशीपर्यंत सोडते. आणि बुरा असेल तर विमान उतरेलच असं धरून चालू नका. चिलिपीचा विमानतळ डोंगराच्या कुशीत आहे, जोराचा वारा असला की विमानं स्प्लिटला वळवतात. परतीच्या दिवशी पुढची जोडणी घट्ट ठेवू नका.

ठोंब्या | १३ नोव्हेंबर, दुपारी ४.२२

आमच्या सोसायटीच्या मीटिंगला बाराही महिने जुगो असतो.

पोटोबा | १३ नोव्हेंबर, रात्री ८.३०

आईंच्या खाण्याचं कुणी बोललंच नाही, म्हणून मी.

मासे खात नसाल तर त्या किनाऱ्यावर तुमची दोस्ती 'ब्लित्वा'शी होणार. पालकाच्या जातीची पालेभाजी, बटाट्याबरोबर उकडून ऑलिव्ह तेल आणि लसूण. तशी ती माशाच्या ताटात बाजूला येते, पण वेगळी मागितली तर देतात. पहिल्या दिवशी छान लागते. तिसऱ्या दिवशी मेतकूट आठवतं. 'झेलेना मेनेस्त्रा' नावाला फसू नका. अर्थ 'हिरवी भाजी' असला तरी कोबीच्या खाली धुरवलेलं डुकराचं मांस असतं. आमच्या एका मित्राने तीन वाट्या खाऊन मग विचारलं होतं.

स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. सकाळी गुंडुलिचच्या चौकात भाजीबाजार भरतो, हिवाळ्यातही, छोटा का होईना. नेरेत्वा खोऱ्यातली संत्री त्या मोसमात मिळतात. आणि जे मासे खातात त्यांच्यासाठी: माली स्तोनची कालवं. हिवाळा सरता सरता ती भरतात, मार्चात सर्वांत चांगली. ऑगस्टात जाऊन कालवं खाणाऱ्यांनी गप्प बसावं.

तिरकस काका | १३ नोव्हेंबर, रात्री ८.४४

गप्प बसलो.

मुक्कामपोस्ट | १४ नोव्हेंबर, सकाळी ८.००

व्हिसाचा मुद्दा सगळ्यांनी सोडून दिलाय आणि सगळ्यांत जास्त पाय तिथेच घसरतो.

क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, त्याच दिवशी युरोही आला. म्हणजे जर्मनीहून जाणं हे देशांतर्गत जाण्यासारखं. प्रश्न तिथून पुढे. दुब्रोवनिकला गेलेला प्रत्येक जण दोन सहली करतो: माँटेनेग्रोतलं कोटोर आणि बोस्नियातलं मोस्तार. दोन्ही शेंगेनबाहेर. आई-बाबांचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा आहे, म्हणजे सीमा ओलांडली की तो संपला. कोटोरला चहा प्याल आणि परत येता येणार नाही. सहलीची तिकिटं विकणारे हे विचारत नाहीत, त्यांच्या बहुतेक गिऱ्हाइकांना ही भानगडच नसते.

दुसरं. स्प्लिटहून रस्त्याने येणार असाल तर वाटेत न्युम नावाची बोस्नियाची नऊ-दहा किलोमीटरची चिंचोळी पट्टी आडवी येते. जुलै २०२२ मध्ये पेल्येशाचचा पूल उघडल्यापासून ती टाळता येते. बसवाल्याला आधी विचारा, गाडी पुलावरून जाते की न्युमवरून.

इतिहासाचं पान | १४ नोव्हेंबर, सकाळी ९.१२

ही पट्टी कशी आली ती गोष्ट धागाकर्तीच्या बाबांना नक्की आवडेल. १६९९ च्या कार्लोवित्झच्या तहाच्या वेळी दुब्रोवनिकने आपली ही जमीन स्वतःहून ऑटोमन तुर्कांकडे जाऊ दिली. कारण शेजारी व्हेनिस नको होतं. घराच्या नि भाऊबंदांच्या मध्ये मुद्दाम तिऱ्हाईताचं कुंपण. ती मेख आज तीनशेहून जास्त वर्षांनी सांगलीच्या मास्तरांच्या व्हिसात घुसतेय.

मांडवी | १४ नोव्हेंबर, दुपारी १.३५

गवती चहा, तुमच्या तारखा पक्क्या झाल्यात का? 'जानेवारीच्या शेवटी' हे दोन-चार दिवस पुढे सरकत असेल तर ३ फेब्रुवारी पदरात पाडून घ्या. एवढी चर्चा झाली आणि कुणी त्या दिवसाचं नाव काढलं नाही याचं नवल वाटलं.

३ फेब्रुवारी म्हणजे संत ब्लेझचा दिवस, तिथले त्याला 'स्वेती व्लाहो' म्हणतात. तो दुब्रोवनिकचा राखणदार. गावात जिकडे बघाल तिकडे दाढीवाला बिशप हातात गावाची छोटी प्रतिकृती घेऊन उभा असतो, तोच. ९७२ सालापासून हा उत्सव चालू असल्याचं मानतात, आणि २००९ मध्ये तो युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीतही गेला. आसपासच्या खेड्यांतून लोक आपापली निशाणं घेऊन येतात, मिरवणूक निघते, जुन्या रुंद तोंडाच्या बंदुकांचे बार काढतात. हा पर्यटकांसाठीचा कार्यक्रमच नाही, ऐन हिवाळ्यात असतो.

मला हे माहीत असायचं कारण घरचं आहे. मी गोव्याची. जुने गोव्याच्या पलीकडे, मगरींसाठी ओळखल्या जाणाऱ्या कुंभारजुव्याच्या खाडीकाठी गवंडाळी गाव आहे, तिथलं चर्च सां ब्रासचं. म्हणजे हाच संत ब्लेझ, पोर्तुगीज नावाने. पोर्तुगीज काळात मसाल्याच्या व्यापारासाठी आलेल्या दुब्रोवनिकच्या लोकांची तिथे वस्ती होती आणि त्यांनीच आपल्या राखणदाराचं चर्च बांधलं, असं सांगतात. फेस्तही फेब्रुवारीतच. माझं आजोळ तिथून हाकेवर. लहानपणी घशात काटा अडकला की आजी त्याचंच नाव घ्यायची, कारण घशात माशाचा काटा अडकलेल्या मुलाला त्याने वाचवलं अशी कथा आहे.

तिरकस काका | १४ नोव्हेंबर, दुपारी २.०२

'असं सांगतात' म्हणजे पुरावा काय?

मांडवी | १४ नोव्हेंबर, दुपारी २.२०

म्हणूनच 'सांगतात' लिहिलं, काका. चर्च आहे, संत तोच आहे, क्रोएशियाहून लोक ते बघायला येतात, एवढं डोळ्यांनी पाहिलेलं. बाकीचं संशोधकांवर सोडते.

निळी छत्री | १४ नोव्हेंबर, दुपारी ३.१५

हे मला माहीत नव्हतं. आम्ही तीन आठवडे आधी गेलो म्हणायचं. माझं मत मात्र बदललेलं नाही: सण एक दिवसाचा, ओल आठवडाभराची.

गवती चहा | १६ नोव्हेंबर, रात्री १०.०५

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना हा धागा फोनवर वाचून दाखवला. कार्लोवित्झला ते "अरे वा!" म्हणाले, मोज्यांना आई म्हणाली, "दोरी घेऊन जाऊ."

रजा पुढे सरकवली. ३१ जानेवारी ते ५ फेब्रुवारी, फ्रँकफुर्टहून झाग्रेबमार्गे. खोली लापादला, तळमजला, स्वयंपाकघरासह. कोटोर-मोस्तार रद्द. आल्यावर लिहिते.

ठोंब्या | १६ नोव्हेंबर, रात्री १०.११

पुढील भागाच्या प्रतीक्षेत. वाचनखूण साठवली. मांजरं मोजून आणा.

गवती चहा | ११ फेब्रुवारी, रात्री ९.२०

धागा वर काढतेय. परत आलो. लांबलंय, चहा घेऊन बसा.

दर्यावर्दी काका, तुमचा बुरा आम्हाला झाग्रेबलाच भेटला. दुब्रोवनिकला वारा आहे म्हणून विमान पाच तास सुटलं नाही. बाबांनी तेवढ्यात शेजारच्या बाईंना खुणांनी आणि तीन इंग्रजी शब्दांत प्रतापगड सांगून टाकला. उतरताना विमान जे हललं, त्यावर आईने रामरक्षा दोनदा पूर्ण केली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा सरकवला आणि तिघंही गप्प. इतकं निळं मी उन्हाळ्यातसुद्धा पाहिलेलं नाही. थंडी मात्र कानात सुई घातल्यासारखी.

१ तारखेला तट. बाबांचा गुडघा चढला नाही, मी आणि आई गेलो, बाबा खाली ओनोफ्रिओच्या कारंज्यापाशी उन्हात बसले. हिवाळ्यात तिकीट उन्हाळ्यापेक्षा स्वस्त, मात्र तट दुपारी लवकर बंद करतात, तेव्हा सकाळीच जा. संपूर्ण फेरीत वीस-बावीस माणसं भेटली. वरून लाल कौलं दिसतात, त्यांतली बरीच नवी कोरी, फिकट जुनी मधूनमधून. १९९१ च्या युद्धात युगोस्लाव्ह सैन्याने गावाला घातलेल्या वेढ्यात तोफगोळ्यांनी छपरं गेली, त्यावर घातलेली ही नवी. तटाच्या आत एका परसात एक बाई कपडे वाळत घालत होत्या. आई म्हणाली, "बघ, यांचेही वाळतायत."

बाबांना सर्वांत आवडलं ते मला वाटलं नव्हतं असं. पूर्वेच्या वेशीबाहेरचे लाझारेती, म्हणजे बाहेरून आलेल्यांना वेगळं ठेवायच्या इमारती. त्या नंतरच्या, पण परक्या माणसाला साथीच्या भीतीने ३० दिवस बाहेर ठेवायचा दुब्रोवनिकचा कायदा १३७७ चा. बाबा तिथे उभं राहून १८९७ चा पुण्याचा प्लेग, रँड, सक्तीची घरझडती असं सगळं बोलत गेले. "यांनी माणूस बाहेर थोपवला, रँडने घरात शिरून ओढून काढला," हे त्यांचं वाक्य. आणि रेक्टरच्या वाड्यात कळलं की तिथल्या प्रमुखाची मुदत फक्त एक महिना असायची आणि तेवढ्यात कामाशिवाय वाडा सोडायचा नाही. बाबा म्हणाले, "मुख्याध्यापकांना लावायला हवं होतं."

२ तारखेला कबुतरं सोडतात, संताचं निशाण चढवतात. आमच्या घरमालकीणबाईंनी एक म्हण सांगितली: 'कांदेलोरा, झिमा फोरा', म्हणजे २ तारीख आली की थंडी गेली, पण मागोमाग संत ब्लेझ येतो आणि म्हणतो, हे खोटं आहे! आईने लगेच त्यांना आपलं सांगितलं, महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत जाते. मी भाषांतर केलं. दोघी इतक्या हसल्या की मला उगाचच मध्ये असल्यासारखं वाटलं.

आणि ३ तारीख. मांडवी, काय सांगू. निळी छत्रींनी नऊ मांजरं मोजली त्याच स्ट्राडुनवर पाय ठेवायला जागा नव्हती. पण पर्यटक नव्हेत. खेड्याखेड्यांतून आलेली माणसं, कोनाव्ल्येकडच्या बायका पांढऱ्या कडक टोप्या नि भरतकामाच्या पोशाखात, दांडगे बाप्ये उंच निशाणं अंगाभोवती फिरवतायत. बंदुकांचे बार तटाबाहेर निघतात, पण छातीत घुमतात. मिरवणुकीत संताचे अवशेष चांदी-सोन्याच्या आवरणांत नेतात, लोक पुढे होऊन हात लावतात. बाबांना जेजुरी आठवली, आईला पालखी. मला काहीच आठवलं नाही, मी नुसती बघत होते.

बाबा दमले तेव्हा चर्चच्या पायरीवर एका आजींनी सरकून जागा दिली, खिशातून संत्र्याच्या सालीचा साखरेत घोळवलेला तुकडा दिला. त्याला तिथे 'अरान्चिनी' म्हणतात. आता आई घरी प्रयोग करतेय, तीन वेळा पाक चुकलाय.

एक राहिलंच. त्या दिवशी घशाला आशीर्वाद देतात. दोन मेणबत्त्या तिरप्या धरून गळ्याशी लावतात आणि प्रार्थना म्हणतात. आईचा घसा महिनाभर बसलेला. ती रांगेत शिरली. मी म्हटलं, आई, अगं आपण… तर म्हणाली, "डॉक्टरला दाखवलं, काढा घेतला, यांनाही दाखवून बघू. कुणी जात विचारली का?" नाही विचारली. घसा दोन दिवसांनी सुटला. त्याचं श्रेय बाबा मेणबत्तीला न देता बुराला देतात, आई दोघांनाही देत नाही, ज्येष्ठमधाला देते.

आता वाईट भाग. ४ तारखेला जुगो आला. छत्रीताई, तुमचा शब्द न् शब्द खरा. सकाळपासून पाऊस, आकाश डोक्यावर, आणि आदल्या दिवशीची ती सगळी गर्दी जणू स्वप्नात पाहिलेली. निम्मी दुकानं बंद. रोपवे बंद. लोक्रुमला बोट नाहीच. दिवसभर खोलीत बदाम सात खेळलो, आईने मुगाची खिचडी केली, बाबा चिडून दोनदा हरले. घरमालकीणबाई म्हणाल्या, जुगोत रागावलेल्या माणसाचं मनावर घ्यायचं नाही. म्हणजे दर्यावर्दी काकांचा दोरखंडवाला थापा मारत नव्हता. ब्लित्वा एकूण पाच वेळा झाली.

माझा मूळ प्रश्न होता, न्यावं का. माझ्यापुरतं उत्तर: समुद्र धरून जाऊ नका, तारीख धरून जा. ३ फेब्रुवारी नसती तर मी आज निळी छत्रींच्या बाजूने लिहीत असते.

मांडवी | ११ फेब्रुवारी, रात्री ९.५८

वाचताना आजी आठवली. गवंडाळीला या कधीतरी तिघंही, सां ब्रासच्या फेस्ताला. थंडी नाही, गुडघ्याला त्रास नाही, मगरींचं मात्र बघून घ्या.

निळी छत्री | ११ फेब्रुवारी, रात्री १०.१०

'शब्द न् शब्द खरा' एवढं मी स्क्रीनशॉट काढून नवऱ्याला पाठवलंय. त्याचं उत्तर आलं: "मग पुढच्या फेब्रुवारीत?" बघते.

पोटोबा | ११ फेब्रुवारी, रात्री १०.२५

त्या दिवशी तिथे 'श्पोर्की माकारुली' करतात, गोमांसाच्या रश्श्यातल्या मॅकरोनी. बाबांनी खाल्ल्या का? आणि आईंना सांगा, साल आधी दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवायची, कडूपणा जातो. मग पाक.

गवती चहा | ११ फेब्रुवारी, रात्री १०.३३

खाल्ल्या, दोन ताटं. आईसमोर "ठीक होतं" म्हणाले. सालीचं सांगते, धन्यवाद!

मुक्कामपोस्ट | १२ फेब्रुवारी, सकाळी ७.४५

कोटोरला गेला नाहीत ना?

गवती चहा | १२ फेब्रुवारी, सकाळी ८.०२

नाही हो. एका सहलवाल्याने बाबांना जवळजवळ गाडीत बसवलं होतं. बाबा त्याला म्हणाले, "कार्लोवित्झ."

ठोंब्या | १२ फेब्रुवारी, सकाळी ८.१५

सगळं झालं, पण त्या हसणाऱ्या सहकाऱ्याचं काय?

गवती चहा | १२ फेब्रुवारी, दुपारी १.१०

आज जेवताना त्याला फोटो दाखवले. बराच वेळ बघत राहिला. मग कळलं की तो झाग्रेबचा. दुब्रोवनिकला आयुष्यात एकदाच गेलाय, ऑगस्टात.